सूर्यावरचा अंगठा

किस्से माळ्यावरच्या बोळक्यांसारखे असतात. कुणी मुद्दाम आणत नाही, पण शिडी लावून वर चढावं तर जमलेले असतातच. आमच्या घरात ते जमले एका दुर्बिणीपायी. लढाईची वर्षं होती. भोरात नवा माणूस दिसला तरी लोक दोनदा वळून बघत. मग पितळेची नळी आकाशाकडे रोखून बसणारी आमची चौकडी कशी सुटणार?

चौकडी म्हणजे हायस्कुलात शास्त्र शिकवणारे आमचे हे, ज्यांना सगळं गाव मास्तर म्हणे, लग्नामुंजीचे फोटो काढणारे बापूराव, ह्यांच्या गोदाआत्या, ज्यांना हा सगळा प्रकार नापसंत होता पण ज्या एकदाही गैरहजर राहिल्या नाहीत, आणि मी.

दुर्बीण माझी. माझे वडील मोजणी खात्यात होते. मी मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दागिने काय, तुला कुणी ना कुणी घालेलच. ही मात्र कुणी देणार नाही."

त्या दुर्बिणीतून सूर्याचा फोटो काढायचा, असं ह्यांच्या मनानं घेतलं. सूर्यावर डाग असतात, ते शाळेतल्या पोरांना दाखवायचे होते.

"डाग चंद्रावर म्हणावेत, सूर्यावर नाही," गोदाआत्या म्हणाल्या. "लोक संशय घेतील."

"कसला?"

"ते लोक ठरवतील. तू नको काळजी करूस."

•

सूर्याच्या कामात पहिला धडा एकच: दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. डोळा जातो, आणि जाताना सांगून जात नाही. म्हणून नळी रोखायची ती सावली बघून. नळीची सावली जमिनीवर लांबलचक पडते. नळी फिरवत फिरवत ती सावली नळीच्या तोंडाएवढी गोल झाली, की समजायचं सूर्य नेमका समोर आला. मग मागच्या भिंगाशी पांढरा कागद धरायचा. कागदावर सूर्य उतरतो. कागदाच्या जागी कॅमेऱ्याची काचेची प्लेट आली की झाला फोटो. सांगायला सोपं आहे, म्हणून सांगितलं.

घरात मी नियम केला होता. कुणीही नवा माणूस आला, की त्यानं आधी मागच्या भिंगासमोर टोपी धरायची. टोपीचं काय होतं ते बघायचं, आणि मग डोळ्याचा विचार करायचा.

एके दिवशी चौकीतला हवालदार धोंडिबा साध्या कपड्यात आला. मूळचा वेल्ह्याकडचा माणूस. दारातूनच म्हणाला, "मास्तर हायेत का? पोराच्या अब्यासाचं इचारायचं व्हतं."

"लग्न कधी झालं रे तुझं?" आत्यांनी विचारलं.

"व्हईल की औंदा," म्हणत तो नळीकडे सरकला. नळी कुठं रोखली आहे ते बघायला वाकणार, एवढ्यात मी ओरडले, "आधी टोपी!"

सवयीनं हुकूम मानणारा माणूस. त्यानं टोपी काढून भिंगासमोर धरली. जरा वेळानं धूर निघाला. धोंडिबानं टोपी उलटीपालटी केली, भोकातून एकदा माझ्याकडे आणि एकदा ह्यांच्याकडे पाहिलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ह्ये तर हत्यार हाय."

•

बापूरावांची सासुरवाडी विंझरची. तिथं लग्नाचे फोटो काढायला ते निघाले, तेव्हा हेही दुर्बीण घेऊन बरोबर गेले. तिकडे हवा स्वच्छ, समोर तोरणा उभा. शेताच्या बांधावर ह्यांनी नळी मांडली आणि तासभर जमिनीवरच्या सावलीकडे टक लावून बसले. सावली गोल झाली तिथं खूण म्हणून एक खुंटी ठोकली.

शेताचे मालक तात्या लांबून बघत होते. ते जवळ आले.

"काय बगताय, मास्तर?"

"सूर्य."

"मग माना खाली घालून का बगताय?"

ह्यांनी समजावून सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "आन सूर्य काय भोरात उगवत न्हाई? त्यासाठी तोरण्याच्या पायथ्याला यावं लागतंय. बराबर हाय."

किल्ल्यावर पूर्वी धन सापडल्याच्या गोष्टी त्या भागात लहान पोरालाही पाठ.

पुढच्या आठवड्यात तात्या बाजाराला भोरात आले ते थेट आमच्या ओसरीवर. "मास्तर, तुमच्या नळीत खोट हाय. खुटीपाशी पुरुसभर खोल खांदलं. खाली निस्ता कातळ."

"अहो तात्या, आम्ही काही शोधत नव्हतो."

तात्यांनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग समजूतदारपणे मान हलवून म्हणाले, "व्हय व्हय. बरं, आता दुसरी खुटी कवा ठोकणार?"

•

फोटोच्या प्लेटी पुण्याहून आणाव्या लागत. लढाईमुळे त्या मिळता मिळत नव्हत्या. बापूरावांनी ओळखीनं एक पेटी मिळवली. सर्व्हिस मोटारीनं ते आणि मी परत येत होतो. भोरच्या जकात नाक्यावर नाकेदार विसूभाऊंनी पेटी हातात घेतली.

"उघडा."

"उघडता येत नाही," बापूराव म्हणाले. "उजेड लागला की आतला माल नासतो."

विसूभाऊ गंभीर झाले. "बापूराव, बावीस वर्षं मी नाक्यावर आहे. उजेडात नासणारा माल कसला असतो, ते मला नका शिकवू."

मोटारीतली माणसं माना बाहेर काढून ऐकू लागली. मला एकदम सुचलं. म्हटलं, "विसूभाऊ, तुम्ही बघू नका, पण चाचपून घ्या." त्यांच्या खुर्चीवर घोंगडी होती. ती दुहेरी करून पेटीवर घातली, वरून बापूरावांचा कोट टाकला, आणि विसूभाऊंनी कोपरापर्यंत दोन्ही हात आत घातले. बराच वेळ आत खुडबुड चालली होती. मे महिन्याचं ऊन, कपाळावरून घाम ओघळत होता.

"काचा आहेत," ते शेवटी म्हणाले. "एका अंगाला गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला जरा चिकट."

"चिकट बाजूला हात लावू नका हो," बापूराव कळवळून म्हणाले.

"लावून झाला," विसूभाऊ म्हणाले.

•

प्लेट धुवायला मिट्ट काळोख लागतो. आमच्या घरात तशी एकच जागा, धान्याची कोठी. दाराच्या फटीत गोधड्या कोंबायच्या, कंदिलाला तांबडं फडकं गुंडाळायचं आणि ह्यांनी व बापूरावांनी भर दुपारी आत जाऊन कडी लावायची. बाहेर मी राखणीला. आतून औषधांचा आंबूस वास येई, पाणी ओतल्याचा आवाज येई, आणि मधूनच बापूराव म्हणत, "आली, आली. आता हलवत राहा."

हे सगळं शेजारी ऐकू जात होतं.

धोंडिबा या वेळी गणवेशात आला, बरोबर आणखी एक शिपाई. "बाई, दार उगडा. आत हातभट्टी हाय."

"धोंडिबा, थोडा वेळ थांब. फोटो होतोय."

"भट्टीवाले बी थोडा येळच मागत्यात," तो म्हणाला आणि त्यानं दाराला खांदा दिला. गोधड्या पडल्या, ऊन आत गेलं. आत हे आणि बापूराव, दोघांचे हात मनगटापर्यंत परातीत. परातीतली प्लेट बघता बघता काळी पडत गेली.

धोंडिबानं परातीत बोट बुडवून वास घेतला. "दारू न्हाई," तो जरा ओशाळून म्हणाला.

"नाही ना," ह्यांनी म्हटलं. "आता फोटोही नाही."

•

त्या पेटीतली एकच प्लेट शेवटी साधली, तीही श्रावणातल्या उघडिपीत. कागदावर छापली तेव्हा रुपयाएवढा सूर्य आला, कडेला दोन ठसठशीत डाग. पण मधोमध बारीक गोल गोल रेघा, एकात एक. बापूराव बघताक्षणी म्हणाले, "विसूभाऊ."

आम्ही हसतो आहोत तोवर फौजदारसाहेब स्वतः दारात उभे. धोंडिबा मागे. कोठीतला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. त्यांनी फोटो मागून घेतला.

धोंडिबानं डोकावून पाहिलं. "सायेब, ह्यो तर तोरणा. ह्या डोंगराच्या रेगा, आन ह्ये दोन बुरूज."

लढाईच्या दिवसांत घरात डोंगराचा नकाशा, आणि बाईचे वडील मोजणी खात्यातले. हेर ठरायला आणखी काय लागतं? पण साहेबांनी खिशातून भिंग काढलं. "नकाशा नाही. अंगठा आहे. कुणाचा?"

आम्ही सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. शाई आणवून आम्हा चौघांचे अंगठे घेतले, आत्यांचासुद्धा. एकही जुळला नाही. मग नाक्यावरून विसूभाऊंना आणलं. त्यांचा जुळला.

"म्हणजे जकात खातंही यात आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, तो सूर्य आहे," हे म्हणाले.

"अंगठा मी ओळखतो. सूर्य ओळखत नाही. खरा सूर्य निघाला की या नळीतून दाखवा. हे डाग याच जागी सापडले तर नळी तुमची."

आमच्या ह्यांना खरं बोलायची भारी खोड. "ते डाग सरकतात, साहेब. चार दिवसांनी याच जागी नसतील."

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. "पुरावाच सरकतो म्हणता?"

दुर्बीण चौकीत गेली, फोटो साहेबांनी स्वतःकडे ठेवला. आभाळ पुन्हा भरून आलं ते उघडेचना. शेवटी निरोप आला, की येत्या सोमवारी ती पुण्याला रवाना होईल. तिकडे गेलेली वस्तू त्या दिवसांत परत येत नसे. वडिलांनी दिलेली ती एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती.

•

सोमवारच्या आधीचा तो श्रावणातला रविवार. फौजदारसाहेबांकडे सूर्याच्या व्रताची, आदित्यराणूबाईची पूजा होती. आळीतल्या सगळ्या सवाष्णींना बोलावणं होतं, तसं मलाही. गोदाआत्या म्हणाल्या, "जा. न जाशील तर म्हणतील, काहीतरी आहे."

गेले. घरात कहाणी चालली होती, पण कुणाचं लक्ष नव्हतं. साहेबांच्या मातोश्रींचा चातुर्मासाचा नेम होता, सूर्य दिसल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. शुक्रवारपासून सूर्य दिसला नव्हता. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. ताट वाढून झाकून ठेवलेलं. साहेब समोर उकिडवे बसून विनवत होते.

"आई, तो ढगाआड आहेच की."

"तू पाहिलास?"

"पाहायला कशाला हवा?"

"मग मी नुसत्या सांगण्यावर कसा विश्वास ठेवू?" म्हातारी म्हणाली. लेक कुणावर गेला होता ते मला तेव्हा कळलं.

ती उठून खिडकीशी निघाली. वाटेत साहेबांचं मेज. त्यावर आमचा फोटो, वर भिंग. म्हातारी थबकली. भिंग हातात घेऊन वाकली.

"हे रे काय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या.

"सूर्य आहे, आई," मी म्हटलं. "आमच्या अंगणातनं घेतलाय."

"खरा?"

"खरा."

तिनं पुन्हा भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिली. मग एकदम वळून लेकाला म्हणाली, "अरे, हे बघ. मधोमध चक्र आहे. नारायणाच्या हातातलं चक्र, रेघन् रेघ उमटलीय. तुला दिसतंय ना?"

साहेबांनी फोटोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, झाकलेल्या ताटाकडे पाहिलं.

"दिसतंय, आई," ते म्हणाले. "चक्रच आहे."

म्हातारीनं फोटोला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि ताटावर येऊन बसली.

सोमवारी सकाळी भर पावसात धोंडिबा आमच्या दारात उभा. काखेत घोंगडीत गुंडाळलेली दुर्बीण.

"ही घ्या तुमची नळी," तो म्हणाला. "फोटू मातुर माघारी मिळायचा न्हाई. त्यो देवाऱ्यात हाय."

"आणि विसूभाऊंचं काय?" आत्यांनी आतून विचारलं.

"त्यास्नी सायबांचा हुकूम हाय," धोंडिबा म्हणाला. "अंगठा जपून वापरायचा."