पत्र्याला न भ्यालेलं पिल्लू

माझ्या सासऱ्यांचा उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात गेला. कुणीतरी बेफिकीरपणे खांबावर गाडी घालणार आणि हे तो चेपलेला पत्रा आतून टक टक ठोकत पुन्हा सरळ करणार. दुकान घराच्याच पुढच्या भागात. भिंतीला हातोड्या टांगलेल्या, कोपऱ्यात दारं आणि मडगार्डं उभी केलेली, आणि काम करताना पायांना गारठा लागू नये म्हणून दारापासून त्यांच्या जागेपर्यंत लाकडी फळ्या टाकलेल्या. बाकी सगळी सिमेंटची जमीन.

एवढी वर्षं पत्रा कानाशी वाजला, तर कानांचं व्हायचं ते झालंच. "थोडं कमी येतं ऐकू," असं बाबा म्हणायचे. आम्हीही पाहुण्यांना तेच सांगायचो. थोडं म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही. फोन वाजला की "माझे हात तेलाचे आहेत, तूच घे," म्हणून माझ्या लेकीला, ठकीला, पुढे करायचे. आणि गिऱ्हाईक आलं की त्याला तोंड उघडू न देता स्वतःच बोलत सुटायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला बोलायची हौस फार! माझीही टकळी दिवसभर चालूच असते, त्यामुळे मी काय बोलणार?

मग एकदा एका पिकअपवाल्यानं गाडी मागे घेतली. हॉर्न दिला, ओरडला, सगळं केलं. बाबा पाठमोरे, एका दारावर वाकलेले. मागच्या बंपरनं त्यांना टेबलावर दाबलं आणि दोन बरगड्या गेल्या. नशीब, तेवढ्यावर निभावलं.

माझा नवरा औषधांच्या गोदामात कामाला आहे. शांत माणूस, पण त्या दिवशी दवाखान्यातून आल्या आल्या म्हणाला, "दुकान बंद करायचं. बस्स!"

"दुकान बंद केलं तर मी दिवसभर काय करू? भिंतीकडे बघत बसू?" बाबा म्हणाले.

बरेच दिवस घरात धुसफुस चालली. जेवताना कुणी कुणाशी बोलेना. शेवटी मीच तोडगा काढला. कुत्रं पाळू. दुकानात कुणी आलं, गाडी आली, की ते भुंकेल, बाबांना उठवेल. नवरा म्हणाला, "ठीक आहे. पण ते राखण करतंय हे माझ्या डोळ्यांनी बघीन. नाहीतर कुलूप लावणार." बाबांनी मान डोलावली. म्हणजे आता त्यांचं दुकान एका न आणलेल्या पिल्लाच्या गळ्यात बांधलेलं होतं.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. टायरांच्या राशीमागे, पोत्यावर. मी आणि ठकी बाबांबरोबर गेलो. ठकीला पांढऱ्या पायांचं हवं होतं, मला जे कमी खाईल ते. पण बाबांनी आमचं काही चालू दिलं नाही. त्यांनी घरून येतानाच पिशवीत पत्र्याचा तुकडा आणि हातोडी घेतली होती.

"माझ्या दुकानात राहायचं त्यानं. ठोकाठोकीला भिणारं काय कामाचं?" असं म्हणून ते पिल्लांच्या मागे बसले आणि पत्र्यावर दणका घातला.

अगं बाई! पिल्लांची नुसती पळापळ झाली. एक आईच्या पोटाखाली, एक टायरच्या आत, पांढऱ्या पायांचं तर थेट माझ्या चपलेवर ओलं करून पळालं. एकच तपकिरी पिल्लू तेवढं जागचं हललं नाही. दोरीचं टोक चावत बसलं होतं. बाबांनी पुन्हा दणका घातला. ते आपलं चावतंय.

"हे बघ, सूनबाई! हा खरा धीट!" बाबांनी त्याला उचललं. टायरवालाही म्हणाला, "वाघ आहे, वाघ!" आम्ही खुशीत वाघ घेऊन घरी आलो.

ठकीनं वाटेतच नावं सुचवायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, "घाई काय आहे? ठेवू सावकाश." पुढे तिनं रोज विचारलं आणि बाबांनी रोज टाळलं. मला त्याचा रागच आला होता. पोरीचं एवढंसं मन राखायला काय जातं?

मी दुपारपर्यंत लॉन्ड्रीत इस्त्रीला असते. घरी आल्यावर पिल्लाला शिकवायचं काम माझ्याकडे, असं मीच ठरवलं होतं. "ये" म्हटलं की येत नसे. "नको" म्हटलं की सोडत नसे. माझी चप्पल गेली, ठकीच्या दप्तराचा पट्टा गेला. पालथ्या घड्यावर पाणी! दाराशी कुणी आलं तर हे महाराज झोपलेले. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, धीट कसलं, नंबर एकचं आळशी आणि हट्टी आहे.

एके दिवशी भांडी लावताना माझ्या हातून ताटांची चळतच निसटली. पिल्लू तिथंच, माझ्या पायाशी निजलेलं. तो आवाज ऐकून शेजारीण खिडकीत आली, पण त्याचा कानसुद्धा हलला नाही. मी खाली बसले. त्याच्या डोक्यामागे टाळी वाजवली. मग दोन ताटं एकमेकांवर आपटली. मग मला रडूच यायला लागलं.

तशीच तणतणत दुकानात गेले. "बाबा, काय आणून ठेवलंत घरात? बहिरं आहे ते! ठार बहिरं! दणक्याला भ्यालं नाही म्हणे! ऐकूच आलं नव्हतं त्याला!"

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. हातातली कानस खाली ठेवली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं मला."

"कसं?"

"माझ्यासारखंच करतं. सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसतं."

पिकअपचा हॉर्न, तेलाचे हात, गिऱ्हाइकाला बोलू न देणं, सगळं एकदम समोर आलं. मी पदरानं तोंड झाकलं आणि मोठ्यानं म्हटलं, "बाबा, दुकानाला आग लागलीय." ते माझ्याकडे बघत राहिले, पुढे मी काय बोलते याची वाट बघत.

मी पदर खाली घेतला. "थोडंसुद्धा नाही?" मी विचारलं.

"थोडं होतं. गेलं." मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. परत दिलं तर टायरवाला काय करणार ह्या पिल्लाचं? बहिरं कुत्रं कोण घेतं?"

"मी आपण होऊन सांगणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही," मी म्हटलं. एवढंच जमण्यासारखं होतं.

त्यानंतर मी दुकानात बारकाईनं बघू लागले. पिल्लाचं पोतं बाबांनी फळ्यांवर हलवलं होतं. ते दुसऱ्या टोकाला उभे राहायचे आणि फळीवर पाय आपटायचे. हादरा पोचला की पिल्लू डोकं वर करायचं. मग हात पुढे, म्हणजे ये. हात आडवा, म्हणजे थांब. आणि फळी हादरली की त्यानं येऊन बाबांच्या पोटरीला नाक लावायचं, मग पावाचा तुकडा. आठवडाभर मी घसा कोरडा केला आणि काडीचं शिकवू शकले नाही. इथं एक शब्द न बोलता शाळा चालली होती.

रविवारी नवरा म्हणाला, "चला, बघू तुमची राखण." तो दाराशी उभा राहिला, सिमेंटवर. मी त्याच्या मागे. बाबा पाठमोरे मडगार्ड घासत होते, पिल्लू पोत्यावर लवंडलेलं.

"बाबा!" त्यानं हाक मारली. कुणी हललं नाही.

पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर बेंबीच्या देठापासून ओरडला. रस्त्यावरचा माणूस थांबून बघायला लागला. दुकानातल्या त्या दोन पाठी तशाच.

तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मला बघवेना.

"दोघंही?"

"हो," मी म्हटलं.

"मी परवा त्यांच्याशी अर्धा तास बोललो गं. बढतीचं सांगितलं. खांद्यावर थोपटलं त्यांनी मला."

त्यानं मान उंबऱ्याकडे वळवली. मग बाबांकडे न बघताच म्हणाला, "बंद करा दुकान, बाबा. आजच."

माझा तोल गेला. "पाठीला काय सांगतोस? समोर जाऊन सांग! आणि आधी त्या फळीवर पाय आपट."

त्यानं पाय आपटला. पिल्लू ताडकन उठलं, त्याच्याकडे बघितलं आणि धावत जाऊन बाबांच्या पोटरीला नाक लावलं. बाबांनी कानस ठेवली, हात पुसले, वळले. आधी लेकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं.

"किती वेळ उभा आहेस?" त्यांनी विचारलं.

नवरा जवळ गेला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला. दुकान बंद करा म्हणायला गेला होता, पण ते काही त्याच्या तोंडून निघेना. शेवटी एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "गाड्या आत घ्यायच्या नाहीत. एकही नाही. सुटं काम करा. दार, मडगार्ड." दोनदा सांगावं लागलं.

"गाडीशिवाय गॅरेज," बाबा म्हणाले. "म्हणजे बंदच की." पण त्यांनी मान हलवली. कबूल केलं.

पिल्लू नवऱ्याचे बूट हुंगत होतं. त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "नाव काय ठेवलंत ह्याचं?"

"नाव कशाला?" बाबा म्हणाले. "मारलेली हाक त्याला ऐकू येणार नाही, आणि मारणाऱ्यालाही नाही."

आणि ते हसले. खूप मोठ्यानं हसले, नको इतक्या मोठ्यानं, कारण केवढ्यानं हसतोय ते त्यांचं त्यांना ऐकूच येत नव्हतं. आतून ठकी घाबरून धावत आली. "काय झालं? आजोबा का ओरडले?"

पिल्लू आळीपाळीनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतं.