आवाज बंद कोणी केला

भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात शिल्पा अहिरे सात वर्षांपासून साहाय्यक आहे. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे फिटर. मी तिथली सभासद, आठवड्याला पुस्तक बदलायला जाते. शिल्पा इतकी हळू बोलते की कधी कधी पुन्हा विचारावं लागतं. तिला भडकलेली मी एकदाच पाहिली.

एका संस्थेने वाचनालयाला मोठा टीव्ही आणि कॉम्प्युटर दिला. दोन्ही केबलने जोडून दर शनिवारी दुपारी शेतमजूर बायकांना शेतीच्या फिल्म दाखवायच्या, असं ठरलं. पहिल्याच शनिवारी चित्र आलं, आवाज आला नाही. ज्याने टीव्ही बसवला होता त्यालाच जळगावहून बोलावलं. त्याने दहा मिनिटं खटपट केली, टीव्हीचा स्पीकर गेलाय म्हणाला, आणि रजिस्टरमध्ये शेरा मारून गेला : 'महिलांनी चुकीचे हाताळल्याने बिघाड. वॉरंटी लागू नाही.'

एकाही बाईने टीव्हीला हात लावला नव्हता. शिल्पाने तसं अध्यक्षांना, योगराज नानांना सांगितलं. चित्र दिसतंय ना, मग चालू द्या, असं नाना म्हणाले. पाच महिने बायका मुक्या फिल्म बघत राहिल्या. खाली अक्षरं उमटायची, पण ती वाचणाऱ्या त्यांच्यात दोघीच.

मग एका सोमवारी द्रौपदाबाई हात पदरात गुंडाळून आली. साठीची बाई, कपाशीवर फवारायचं औषध कालवून द्यायच्या कामावर जायची. दोन्ही पंजे सोलवटले होते, बोटांवर फोड आले होते. हातमोजे का घातले नाहीत, असं शिल्पाने विचारलं, तर तिने कोपरानेच टीव्ही दाखवला.

"तठेच दखाडेल शे ना. तो मानूस हातवरीच औषध कालवस."

ती फिल्म शिल्पानेच लावली होती. तिने आधी बाईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. परत येऊन कॉम्प्युटरपुढे बसली ती पाच वाजेपर्यंत उठली नाही. एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, हे तिने मोबाइलवर वाचून काढलं. मग कॉम्प्युटरने आवाज कुठे पाठवायचा त्याची यादी उघडली. त्यात टीव्हीचं नावच नव्हतं. 'बंद केलेली उपकरणे दाखवा' या ओळीवर खूण केली, तेव्हा ते फिक्कट अक्षरांत दिसलं. बसवताना त्या माणसाने स्वतःचे छोटे स्पीकर लावून पाहिले होते. तेव्हाच त्याने टीव्हीचा आवाज बंद केला असणार आणि तसाच ठेवला. स्पीकर धडधाकट होता. शिल्पाने ते नाव चालू केलं, आवाजासाठी तेच निवडलं आणि फिल्म लावली. पडद्यावरचा माणूस उघड्या हाताने औषध कालवत होता आणि एक बाई सांगत होती, "असं कधीही करू नका."

मी तेव्हा पुस्तक घेऊन दारात उभी होते. शिल्पाने टेबलावरचं रजिस्टर उचललं आणि तडक नानांचं घर गाठलं. तो शेरा खोडा, म्हणाली. नाना म्हणाले, आवाज आला ना, आता जुनं कशाला उकरायचं?

"आवाज आला, नाना. त्या बाईचे हात गेले," शिल्पा म्हणाली. "आणि वहीत अजून गुन्हेगार बायकाच आहेत."

नानांनी ऐकलं नाही. शनिवारी सगळ्या बायका जमल्या असताना शिल्पाने नानांना वाचनालयात बोलावलं आणि ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. द्रौपदाबाई पट्ट्या बांधलेले हात घेऊन पुढे आली.

"नाना, आमनावर काय लिखेल शे, जरा वाची दखाडा."

नाना 'महिलांनी चुकीचे हाताळल्याने' इथपर्यंत वाचत गेले आणि थांबले. शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढलं, ओळ खोडली आणि खाली लिहिलं की बिघाड नव्हता, बसवणाऱ्याने आवाज बंद ठेवला होता. सहीसुद्धा केली.

त्या माणसाला शिल्पाने फोन केला. चुकून झालं असेल, म्हणाला आणि फोन ठेवला. माफी ना त्याने मागितली ना नानांनी. द्रौपदाबाईला त्या हंगामात कापूस वेचता आला नाही. गावात मात्र अजून ऐकू येतं की शिल्पाने एवढ्याशा बटणाचा केवढा बाऊ केला.