चौथ्या मुख्याध्यापकांचं चित्र

आमच्या सरकारी हायस्कूलला पंचाहत्तर वर्षं होत आली, तसा सगळ्यांना इतिहासाचा पुळका आला. एका लोखंडी गोदामात दोन वर्ग भरवून सुरू झालेली शाळा. पुढे तिला दगडी इमारत मिळाली, मग प्रयोगशाळा, मग मोठा हॉल. या हॉलमध्ये आजवरच्या नऊ मुख्याध्यापकांची तैलचित्रं लावायचं ठरलं आणि काम आपसूक चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात पडलं.

बाई याच शाळेत शिकलेल्या, इथेच सव्वीस वर्षं शिकवत होत्या. बोलणं मोजकं, पण हात असा की पर्यवेक्षकांच्या टकलावरचा उजेडसुद्धा दोन रेघांत फळ्यावर उतरवतील. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. पहिली तीन चित्रं त्यांनी झटपट संपवली. चौथ्यांचा फोटो आला तो मात्र टेबलावर पालथा ठेवला.

चौथे म्हणजे शाळेचं दैवत. एकोणीस वर्षं खुर्चीवर होते, प्रयोगशाळा त्यांचीच. त्यांच्या हातचा मार जुने विद्यार्थी अजून मिटक्या मारत सांगतात.

का काढत नाही, असं मी विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण नववीत असताना प्रार्थनेच्या वेळी हसली. सरांनी तिला वर बोलावून सगळ्या शाळेसमोर कानाखाली चार लगावल्या. पाचवीतल्या बाई पुढच्याच रांगेत उभ्या होत्या. ताईंचा डावा कान वाहू लागला आणि पुढे कायमचा गेला. वडील विचारायला गेले, तर त्यांना दुपारभर बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी हातात मुलीचा दाखला दिला. त्यावर शेरा होता, ‘वर्तन असमाधानकारक’. ताईंची शाळा तिथेच सुटली.

समारंभाच्या समितीच्या बैठकीत बाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं, चित्र काढणार नाही म्हणाल्या. त्याआधी मराठीचे सर स्मरणिकेसाठी लिहिलेला स्वतःचा लेख वाचून दाखवत होते. त्यात चौथे सर वरून कठोर, आतून लोण्यासारखे मऊ होते. माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष, म्हणजे चौकातले औषधवाले, समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, तेव्हा सगळेच मारायचे. आम्ही नाही खाल्ला? काय बिघडलं आमचं?”

“तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत, म्हणून विचारता येतंय,” बाई म्हणाल्या.

कुणीतरी चहात बिस्कीट बुडवलं. मराठीच्या सरांनी पुढचा परिच्छेद सुरू केला. मी वहीत डोकं घालून बसलो. त्या दिवसाची आठवण झाली की मला माझीच शिसारी येते.

चौथ्यांचा चित्राऐवजी फोटो मोठा करून लावला, पुढची पाच चित्रं समारंभानंतर काढायची ठरली. समारंभाला बाई ताईंना घेऊन आल्या. औषधवाल्यांनी भाषणात सरांची नक्कल केली, हवेत हात फिरवून कानाखाली कशी बसायची ते दाखवलं. हॉल खो खो हसला. उजवा कान पुढे करून बसलेल्या ताईंना हसण्याचं कारण कळेना. बाईंनी त्यांच्या कानात सांगितलं. ताई उठल्या, सावकाश व्यासपीठापाशी गेल्या आणि खालूनच म्हणाल्या, “त्या हातचा मार मी खाल्लाय. अर्धं ऐकू येत नाही मला. आता हसा.”

कुणी हसलं नाही. पण दोन मिनिटांत समूहगीत लावलं आणि टाळ्याही पडल्या.

पुढच्या आठवड्यात ताईंनी शाळेला अर्ज दिला. दाखल्यावरचा शेरा पुसून द्या, एवढीच मागणी. उत्तर मराठीच्या सरांनी लिहिलं, एकही चूक नसलेलं, की जुन्या नोंदीत बदल करता येत नाही. बाईंनी ते स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ओकारी येत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा लिहिला. उरलेल्या पाच जणांचीही चित्रं झाली नाहीत, फोटोच लागले.