अंगठ्याचं उत्तर

रोह्यात माझा दवाखाना आहे. खाडीकाठच्या रुग्णांनी रोज घरी बीपी मोजून यंत्राचा फोटो मोबाइलवर पाठवायचा, ही माझी योजना. तिच्यावर मी पेणला डॉक्टरांपुढे भाषण ठोकलं. मिठागरात राबणाऱ्या एका मावशींचा आकडा महिनाभर एकशे तीसच्या वर गेला नव्हता. तो सरळ रेघेचा आलेख दाखवून मी टाळ्या घेतल्या.

दुपारी रामवाडीच्या शिबिरात त्याच मावशी समोर बसल्या. फोटोच्या कोपऱ्यात रोज त्यांचं चिंधी बांधलेलं बोट दिसे. आज चिंधी नव्हती.

"बोट बरं झालं वाटतं?" मी ऐटीत विचारलं.

"ता कवाच बरा झाला."

बीपी मोजलं. एकशे नव्वद!

"मग रोजचे फोटो?"

"पयला फोटो तुमाला आवडला, डॉक्टर. तुमी अंगठा धाडलात. म्हून रोज तोच धाडते. वाईट आकडा बगून तुमच्या जीवाला घोर नको."

एकच फोटो, आणि त्याला माझे महिनाभराचे अंगठे. मी खाली मान घालून गोळी लिहिली.

मावशी उठता उठता म्हणाल्या, "पन तुमी रोज नीट बगत व्हता ना?"

"व्हय," मी म्हणालो.