तिनं उपाशी ठेवली नव्हती

फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या एका जहाजाच्या इंजिनरूममधून नुकताच डेकवर आलो होतो. पलीकडे मे लिंग होती, सुधाताईच्या प्रयोगशाळेतली सहकारी. ताई कामावर आली नाही, फोनही उचलेना, म्हणून ती क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर जाऊन आली होती. "अंकल, डॉक्टर इज गॉन," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. झोपेतच हृदय थांबलं होतं. किनाऱ्यावर नेणारी लाँच यायला अवकाश होता. भोवती बर्मी आणि फिलिपिनो खलाशी आपापल्या कामात. माझी मावसबहीण गेली, हे मला कुणाला तरी मराठीत सांगायचं होतं... आणि या शहरात जिला ते सांगितलं असतं, तीच गेली होती.

सुधाताई लहान मुलांची डॉक्टर. नाशकात तिचा दवाखाना छान चालला असता, पण ती सातपुड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रमली. तिथल्या कुपोषित मुलांच्या वॉर्डात कालूबाईची रानू आली, दीडेक वर्षाची, हातापायांच्या काड्या झालेली. वॉर्डात खाऊपिऊ घातल्यावर पोर बाळसं धरू लागली, हसायलाही लागली. घरी गेली. पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन जुलाब सुरू झाले, ते थांबेचनात. परत आणली तेव्हा उशीर झाला होता. "घरी नेऊन उपाशी ठेवली असेल," वॉर्डात कुणीतरी बोललं. सोबत आलेल्या सासूनं तेच उचललं. कालूबाई ताईचा हात धरून म्हणत राहिली, "बाई, मी नाय ठेवली उपाशी. माझ्या ताटातलं देत होते."

"माझा तिच्यावर विश्वास होता रे विनू," ताई मला नेहमी सांगायची. "पण पोर का वाळली, ते मला सांगता आलं नाही."

त्या प्रश्नापायी ती पन्नाशी उलटल्यावर सिंगापूरला आली. लहान मुलांच्या आतड्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत, लेकीच्या वयाच्या साहेबिणीच्या हाताखाली. ताईनं लग्न केलं नव्हतं. माझी बायको मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला परतलेली, मी चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये एकटा. रविवारी तिच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, आम्ही दोघं भेटायचो. कॉफी निवेपर्यंत ती बोलत राहायची. आतड्याच्या आतून मखमलीसारखं अस्तर असतं. घाणेरड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा पोट बिघडलं की ते झिजतं. पोटातले उपयोगी जिवाणू वयाबरोबर बदलायला हवेत, ते तान्ह्या बाळासारखेच राहतात. मग आई कितीही भरवो, अन्न अंगी लागत नाही. मी इंजिनवाला माणूस. म्हणालो, "म्हणजे तेल भरपूर, पण फिल्टर बाद?" ती खूप हसली. बाकीचा आठवडा ती कुणाशी हसायची, हे मी कधी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ती एकटीच सातपुड्यात जाऊन आली. त्यानंतरची आमची भेट शेवटची ठरली. म्हणाली, "कालूबाई भेटली. आधी ओळखलंच नाही तिनं मला. मग अंगणात बसवून मी सगळं सांगितलं, की तुझी चूक नव्हती, पोटच अन्न घेत नव्हतं. ती ऐकत राहिली. उठून आत गेली आणि सासूला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. म्हणाली, 'हिला सांगा बाई. हिला सांगा.' इतकी वर्षं त्या घरात तिला 'पोर मारलीस' हेच ऐकावं लागलं होतं रे. म्हातारीला आता कमी ऐकू येतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, 'तुमच्या सुनेनं पोर उपाशी ठेवली नव्हती!' शेजारपाजारचे गोळा झाले. म्हणून परत एकदा ओरडले."

"मग म्हातारी काय म्हणाली?"

"खाली बसली. कालूबाईनं तिला पाणी आणून दिलं..."

ताईचं दहन मंडाईच्या स्मशानभूमीत झालं. मी, मे लिंग आणि प्रयोगशाळेतली चारदोन माणसं. नंतर फ्लॅट रिकामा करायला मी एकटाच गेलो. ओट्यावर काचेची बरणी होती, भाजलेल्या हरभऱ्यांची आणि शेंगदाण्यांची पूड भरलेली. मे लिंगनं नंतर सांगितलं, पोटातले ते जिवाणू सुधारतील अशा, मुलांसाठीच्या खाऊचं कुठलंही नवं मिश्रण डॉक्टर आधी घरी करून, केळ्यात कालवून, स्वतः आठवडाभर खायच्या. मी ती बरणी घरी आणली. रविवारी पिकलेलं केळं कुस्करून त्यात दोन चमचे पूड कालवतो. मीठ नाही, साखर नाही. पिठूळ लागतं. खिडकीशी बसून सावकाश खातो, वाटी पुसून घेतो. बरणी आता तळाला आली आहे... प्रमाण काय होतं, ते मे लिंगला विचारायला हवं.