काटा जिभेला समजतो

विरारला मुलांच्या डॉक्टरांकडे मी लेकीला पोटदुखीसाठी न्यायचे. तिथे अर्नाळ्याची एक कोळीण तिच्या लेकीला घेऊन बसलेली असायची. तिच्या डब्यात काय आहे, ते अख्ख्या दवाखान्याला वासावरून कळायचं. दोन्ही मुलींच्या पोटात एकच चिवट जंतू होता. माझी औषधाने बरी होत आली; तिच्या लेकीचं दुखणं मात्र गोळ्या संपल्या की परत यायचं.

एकदा पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज आला, "हिला भरवता कसं?"

"कसं म्हंजे? मासा आधी माझ्या तोंडात घोळवते. काटा नाय असं बघते, मंग तिला देते. माझ्या आयनं पन मला असंच भरवलं."

"हा जंतू उष्ट्या घासातूनही जातो, बाई. या वेळी औषध तुम्हीही घ्या. आणि काटा बोटांनी काढा."

ती म्हणाली, "बोटाला काय समजतंय, डॉक्टर? काटा जिभेलाच समजतो."

पुढच्या खेपेला ती व्हरांड्यात लेकीला बारीक काट्यांची करली मासळी आणि भात भरवत होती. प्रत्येक घास चिवडून, उजेडाला धरून बघत होती. लेक आ करून ताटकळली होती. आईची बोटं काटा शोधत होती, आणि मिटलेल्या ओठांआड तिची जीभ रिकामीच फिरत होती.