मावशीने दाखवलेली रिकामी वस्ती

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. टेम्पोचं ठरलेलं भाडं अठ्ठावीसशे. हजर तिघे: मी, टेम्पोवाला आणि माझी मावशी, जिचं सामान रायपूरला आमच्या चौबे कॉलनीतल्या घरी आणायचं होतं.

मावशी येईलच याची खात्री नव्हती. ती दीड तासावरच्या एका खाणवस्तीत राहायची. तिथल्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावरही क्वार्टर सोडलं नाही. चुनखडीची खाण बंद पडून बरीच वर्षं झाली, वस्तीत चार-पाच घरांतच माणसं उरली आणि महिनाअखेर वीजही तोडणार होते. तरी फोनवर दर वेळी तिचं एकच उत्तर, ‘पाहू.’

टेम्पो पाहून ती म्हणाली, ‘सामान मंग. आधी माझ्यासंग चाल.’

‘मावशी, गाडी थांबून राहिली.’

‘थांबू दे. इतक्या वर्षांत माहेरचं कोणी इकडं फिरकलं नाही, अन् आता एकदम टेम्पोच घेऊन आला काय रे पोट्ट्या?’

मी बावन्न वर्षांचा आहे. तरी पोरासारखा तिच्या मागे निघालो. टेम्पोवालाही आला.

आधी क्लब. छप्पर गेलेलं, पण फरशीवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषा शाबूत. मग टॉकीज. दिसेल ते मोजायच्या सवयीने मी खुर्च्यांचे लोखंडी सांगाडे मोजू लागलो, आणि मान वर केली तेव्हा आकडाच विसरलो. पडद्याची भिंत ढासळली होती. तिच्या जागी आभाळ होतं, आणि खाली खाणीचा खड्डा, काठोकाठ निळ्या-हिरव्या पाण्याने भरलेला. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता.

‘बाप रे भैया,’ टेम्पोवाला हळूच म्हणाला, ‘इतना बड़ा तालाब!’

‘तालाब नाही, बाबू,’ मावशी म्हणाली. ‘माणसांनी खोदलं हे.’

शेवटी दवाखाना. तिने एक दार लोटलं. आत प्रसूतीची खोली होती. खिडकीतून शिरलेला पिंपळ छत फोडून वर गेला होता. मुळ्यांनी भिंती आवळून धरल्या होत्या. झाड तोडलं असतं तर खोलीही पडली असती.

‘वस्तीतली सारी लेकरं इथंच झाली. अर्ध्यांच्या नाळी मी कापल्या.’

खालची खोली, जवळ डॉक्टर, संडास आतच, असं तिला पटवायला मी घरून ठरवून आणलेलं सगळं बोलायचं राहिलं. मी उंबऱ्यावर चपला काढल्या.

‘घाल त्या! काचा हायेत,’ ती ओरडली. मग पिंपळाच्या मुळीवर हात ठेवला. ‘तुले वाटलं असन, म्हातारी काहून अडून बसली. फोनवर हे सांगून कळते का? कोणी तरी येऊन पाहायले पाहिजे होतं.’

‘मावशी, मला खरंच माहीत नव्हतं.’

‘हव. आता पाहिलं ना? चाल, भांडी आधी बांधू.’

चौबे कॉलनीत सामान उतरलं तेव्हा मी पाकीट काढलं. तिने माझा हात बाजूला सारला. ‘माझं सामान, माझं भाडं.’ थांबण्याचे पैसे नकोत, असं टेम्पोवाला म्हणत होता, पण तिने ऐकलं नाही. भाड्याचे अठ्ठावीसशे आणि वर तीनशे, असे एकतीसशे रुपये मावशीने त्याच्या हातावर ठेवले.